भाऊंची हजेरी नाही

भाऊ, तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमचा उजवा हात हातात धरून बसले होते, ते रडण्यासाठी नाही. तुम्हाला ओटीवर ठेवलं होतं आणि आळीतल्या बायका भोवती बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, मूल नाही म्हणतात, पण ही पोटच्या पोरीसारखीच." मी ओढणी तुमच्या हातावर ओढून घेतली आणि ओढणीखाली तुमचा अंगठा तुमच्याच फोनवर दाबला. उघडला नाही. अंगठा पुसला आणि पुन्हा दाबला. यंत्राला जिवंत माणसाचा अंगठा लागतो हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतंत, त्या वेळी आठवलं नाही. मग हात हळूच सतरंजीवर ठेवला, फोन उशाशी सरकवला, आणि त्यानंतर मला खरंच रडू आलं. ते तुमच्यासाठी होतं की न उघडलेल्या फोनसाठी, हे आज अठरा दिवस झाले तरी मला नीट सांगता येत नाही.

आपला लाइनमन संतोष म्हणाला, भाऊंवर चार ओळी लिहून दे, फोटोखाली लावू. लिहायला बसले तर हे असं निघालं. फोटोखाली लावण्यासारखं नाही, तेव्हा तुम्हालाच सांगते. नाहीतरी माझं लिहिलेलं पहिल्यांदा तुम्हीच तपासायचात.

तुमच्याकडे आले तेव्हा मी नव्या मुंबईतली नोकरी सोडून रेवदंड्याला परतले होते, कारण आईचा पाय मोडला होता. कोळीवाड्यातल्या पोरीला दुकानाच्या काउंटरवर बसवायला लोक तयार होते, कॉम्प्युटरचं काम द्यायला कोणी तयार नव्हतं. तुम्ही टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्त झालेले. चौल आणि रेवदंड्याच्या घराघरांत आधी केबल टीव्ही नेलात आणि मग त्याच खांबांवरून इंटरनेट. तुम्ही विचारलंत, "प्रोग्राम लिहिता येतो?" मी म्हटलं, "थोडा." "थोडा म्हणजे चुकतो, की लिहीतच नाहीस?" "चुकतो." "मग उद्यापासून ये." माझ्या डिप्लोम्याचा कागद तुम्ही उघडूनही पाहिला नाहीत. याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे, आणि हे वाक्य पुढचं सगळं वाचूनही खरंच धरा.

मला तुम्ही ओटीवर टेबल दिलंत. खरं यंत्र आत होतं, माजघरापलीकडच्या कोठीच्या खोलीत, जिथे पूर्वी भाताची पोती असायची. त्या यंत्रात तुमचा जागल्या चालायचा. तसा तो साधा प्रोग्राम. त्याला खिडकी नाही, चित्र नाही, कुणी समोर नसलं तरी मागच्या मागे दिवसरात्र चालत राहतो. लाइनवरच्या प्रत्येक पेटीला आणि मनोऱ्याला विचारत फिरतो, आहेस का? उत्तर आलं नाही की बोंब मारतो. ज्याला अधिकार आहे त्याने "पाहिलं" अशी पोच दिली की बोंब थांबते. तुम्ही तो एकट्याने लिहिला होतात, आणि इतका नीट, की वाचताना मला तुमचा हेवा वाटायचा.

फक्त आत शिरायला सगळ्यांना मिळून एकच शब्द होता. एका दुपारी बंदराजवळच्या मनोऱ्याने बोंब मारली, कोणीतरी तो शब्द घालून तिला गप्प केलं आणि जेवायला निघून गेलं. निम्मा रेवदंडा दिवसभर बंद. तुम्ही सगळ्या लाइनमनना अंगणात उभं केलंत. कोणी कबूल होईना, आणि यंत्रही सांगू शकेना, कारण यंत्राच्या दृष्टीने ते सगळे एकच माणूस होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "दर्शना, उद्यापासून आपण दारं बसवू."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. मी तेव्हा शिकले ते अजून कुठल्या पुस्तकात इतकं सोपं वाचलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, प्रश्न दोन आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. कोण आहेस हा एक, आणि कुठवर यायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खरं आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर होकारार्थी होत नाही. पासवर्ड जसाच्या तसा कुठेही ठेवायचा नाही, त्याचं पीठ करून ठेवायचं. माणसाने शब्द घातला की तोही दळायचा आणि पिठाला पीठ जुळतं का बघायचं. चोराच्या हाती पीठ लागलं तरी त्याचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. पासवर्डला शब्द नको, आख्खं वाक्य हवं, म्हणजे माणसाला आठवतं आणि यंत्राला ओळखता येत नाही. संतोषने असं वाक्य ठेवलं की टाइप करताना तो स्वतःच हसायचा. आणि नव्या माणसाला सुरुवातीला काहीच द्यायचं नाही. काम अडेल तसतसं एकेक द्यायचं. हे सगळं बरोबर होतं, भाऊ. शेवटचं तर सगळ्यांत बरोबर. माझं काम रोज अडायचं, द्यायचं तेवढं तुम्ही विसरलात.

कुठवर यायचं, हे ठरवायला तुम्ही एका लग्नपत्रिकेच्या मागे तुमच्याच घराचा आराखडा काढलात. अंगणातल्या माणसाला फक्त दिसणार की लाइन चालू आहे की बंद. ओटीवरच्याला सगळं दिसणार, कुठली पेटी, किती वेळ, का, पण हात कशालाच लावता येणार नाही. माजघरातला पोच देऊ शकेल, बंद पडलेलं चालू करू शकेल. आणि देवघरातला माणसं ठेवेल, काढेल, नियम बदलेल. तिथे जायला वाक्याबरोबर फोनवर येणारा आकडाही लागेल. मी म्हटलं, "ही नावं बदला." तुम्ही म्हणालात, "का? सगळ्यांना लगेच कळतात." मी म्हटलं, "म्हणूनच."

तुम्हाला कळलं नाही असं मी बरीच वर्षं समजत होते. तुमच्या त्या अंगणात माझी आई मासळीची टोपली घेऊन यायची. टोपलीचं पाणी ओटीवर सांडू नये म्हणून पंपापाशी बसायची. काकू पायरीवरून ताट खाली धरायच्या आणि आई त्यात बोंबील मोजून टाकायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर असायचे. कोणी वाईट बोललं असं नाही. पाणीही मिळायचं. फक्त पायरीच्या वर आमचं काही काम नसायचं.

संतोषला तुम्ही माजघर दिलंत. त्याला प्रोग्राममधली एक ओळ वाचता येत नाही, पण मनोऱ्यावर चढतो, म्हणून. ते मला पटलं. मला मात्र ओटी दिलीत. जागल्याची निम्मी दारं मी लिहिलेली, आणि मीच त्यातल्या दुसऱ्या दारापाशी थांबायचं. मी विचारलं तेव्हा संतोष तिथेच होता. तुम्ही हसत हसत म्हणालात, "अगं, तुझ्या आईपेक्षा एक पायरी वर आलीस की."

संतोष हसला. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला तुमच्या वाक्यापेक्षा जास्त आहे.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "चांगला मानूस हाय तो," ती म्हणाली, "तुला काम दिलान, शिकवलान." मग तवा उतरवून विचारलं, "पन आत घेतलान काय गो?" मी म्हटलं, न्हाय. "मंग काम कर आन् घरी ये," ती म्हणाली. तिला त्यात अपमान दिसला नाही, कारण तिने तुमच्याकडून दुसरं काही धरलंच नव्हतं. मी धरलं होतं.

तुम्ही पुतण्याच्या साखरपुड्याला माणगावला गेला होतात तो दिवस आठवतो? खाडीकडच्या पेटीने मान टाकली. करायचं होतं ते एवढंच, की पेटी बंद करून पुन्हा चालू करायची. माझ्या पडद्यावर ती लाल दिसत होती, कारणही दिसत होतं, आणि बटणही. बटण दाबलं की जागल्या म्हणायचा, हद्द ओटीपर्यंत. संतोष अलिबागला, त्याचा फोन लागेना. बंद पडली होती आमचीच आळी. माणसं आमच्या दारात येऊन आईला म्हणत होती, तुझी पोर तिथंच कामाला ना? संध्याकाळी तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर मलाच विचारलंत, "दिसत होतं ना तुला? मग फोन करायचा." मी म्हटलं, "तुम्हाला एकोणीस वेळा केला." तुम्ही म्हणालात, "मग विसावा करायचा."

त्या रागाच्या भरात मी तुमच्याशी भांडले, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, मला नको तर नको, पण देवघराला दुसरा माणूस ठेवा. तुम्ही म्हणालात, "एका घरात दोन देवघरं कुठं पाहिलीस?" मी म्हटलं, देवघर एकच असू दे, पूजेला दोघं असू देत. तुम्ही म्हणालात, ज्याच्यावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणारा झाला की संपलं. हे तुम्ही माझ्याबद्दल म्हणालात, तुम्हीच लिहायला शिकवलेल्या मुलीबद्दल.

उलट तुम्ही आणखी एक नियम बसवलात. देवघरातल्या माणसाने रोज एकदा तरी हजेरी लावायची. सकाळी सातला चहाचा कप घेऊन तुम्ही ती लावायचातच. हजेरी लागली नाही, तर जागल्याने निरोप पाठवायचा. सलग पंधरा दिवस लागली नाही, तर घरात चोर शिरला असं समजून सगळ्यांना अंगणात आणून बसवायचं. मी विचारलं, "निरोप कुणाला जाणार?" "मलाच. दुसऱ्या कुणाला माझी उठाठेव कशाला?" "आणि तुम्ही मेलात तर?" हो, मी तोंडावर विचारलं होतं, आणि विचारताना मला बरं वाटलं होतं. तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "मग मला निरोप येईलच की, की बाबा तू मेलास."

एवढा हुशार माणूस, आणि हजर नसलेल्यालाच तू हजर नाहीस हे कळवायची सोय करून गेलात. तुमच्या हातून झालेली ही एकच खरी चूक मला माहीत आहे. ती दाखवून द्यायला तुम्ही समोर नाही, याचं दुःख मला तुमच्या जाण्याच्या दुःखापासून वेगळं काढता येत नाही.

तर त्या सकाळी अंगठा मी याच्यासाठी धरला होता. तुमचं पासवर्डचं वाक्य मला सहा वर्षांपूर्वीच पाठ झालं होतं. टाइप करताना तुमची बोटं मी बघत होते, एकेक अक्षर गोळा करत. मी ते कधी वापरलं नाही, पण गोळा केलं. वाक्य काकूंबद्दल होतं. ते तुम्ही स्वतःच्या बायकोला कधी म्हणाला असाल असं वाटत नाही, आणि मीही त्यांना सांगितलेलं नाही. वाक्य होतं, फोनवरचा आकडा तेवढा हवा होता, आणि तुम्हाला न्यायला माणसं यायच्या आत तो मिळाला असता तर दुपारपर्यंत मी देवघरात असते. तिरडी बांधायचं चाललं होतं आणि मी हा हिशेब करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा फोन वाजला. तो काकूंनी स्वतःजवळ ठेवला होता. न उघडताही पडद्यावर ओळ दिसायची. "भाऊंची हजेरी नाही. दिवस पहिला." दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. घरात सुतक, भेटायला येणाऱ्यांची रीघ, कोणी ना कोणी डोळे पुसत बसलेलं, आणि मध्येच ते. भाऊंची हजेरी नाही. दिवस चौथा. भाऊंची हजेरी नाही. दिवस सातवा. तुमच्या मोठ्या बहिणीने कानावर हात ठेवले. मी काकूंना म्हटलं, आवाज तरी बंद करू या. काकू म्हणाल्या, "नको. सातला वाजतो ना, त्याच वेळेला उठायचे ते. वाजला की मला वाटतं, कुणाला तरी कळलंय ते नाहीत म्हणून."

दहाव्याला तुमचा पुतण्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून चौलच्या तळ्याकाठी तास दीड तास उभा होता. लोक म्हणत होते, काहीतरी राहिलंय भाऊंचं. संतोष माझ्याकडे बघत होता. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, भाऊ, जागल्याचं मी बघीन, काळजी करू नका. असं म्हणतात आणि कावळा शिवतो. मला ते म्हणवेना. तुम्ही मला बघू दिलं होतंत कुठे? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी मी काकूंसमोर जाऊन बसले. म्हटलं, उद्या पंधरावा. उद्यानंतर संतोषलाही कशाला हात लावता येणार नाही. चालू आहे ते चालेल, पण एकेक पेटी मान टाकत जाईल आणि उठवायला कोणी नसेल. मला भाऊंचा फोन उघडून हवा.

काकू बराच वेळ फोनच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू त्यांचा अंगठा धरलास ना, ते मी बघितलं हो. ओढणीखाली उजेड पडला होता."

मी ओढणी आवरून घेतली.

"मला पिन ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्यासमोरच घातला होता, आमच्या लग्नाची तारीख. मला वाटलं, आत्ता विचारेल, मग विचारेल. विचारलं असतंस तर तिथल्या तिथे सांगितला असता." फोन त्यांनी पदराआड घेतला. "आता मात्र नाही सांगायचा मला."

"काकू, सगळं बंद पडेल."

"तुला आत जाऊन दुसरं काही करता येत असेल तर कर. जा की. कोण अडवतंय तुला? मी त्यांना किती वेळा म्हटलं, पोरीला आत बसवा, ओटीवर दुपारचं ऊन येतं. ते म्हणायचे, तीच येत नाही."

भाऊ, हे मला तुम्हाला विचारायचं आहे, आणि तुम्ही आता उत्तर देणार नाही. मी कधी येत नाही म्हटलं? तुम्ही मला कधी ये म्हटलंत? की तुम्ही वाट बघत होतात मी न विचारता उंबरा ओलांडेन म्हणून, आणि मी वाट बघत होते तुम्ही बोलवाल म्हणून, आणि आपण दोघं एवढी वर्षं एका दाराच्या दोन बाजूंना अकडून बसलो? तसं असेल तर मला वाईट वाटायला हवं. पण मला वाटतं तुम्ही काकूंना खोटं सांगितलंत. माझा राग शाबूत राहावा म्हणून मला तसं वाटतं, हेही कळतं.

मी उंबरा ओलांडला. माजघरात अंधार होता, कोठीच्या खोलीत जुन्या भाताचा वास. तुम्हीच शिकवलं होतंत की यंत्रासमोर बसणाऱ्याला कुठलंही कुलूप फार वेळ अडवत नाही. यंत्र बंद केलं, माझा पेनड्राइव्ह लावून त्यावरून पुन्हा चालू केलं, माणसांची यादी उघडली. यादीवर कोणी हात फिरवला तर कळावं म्हणून तुम्ही मोहोर ठेवली होतीत, पण मोहोर उठवायचा शिक्काही त्याच यंत्रात होता. चहा निवायच्या आत मी देवघरात होते. मला वाटलं होतं तिथे काहीतरी वाटेल. पंख्याचा आवाज येत होता, बस.

मग मी नोंदी उघडल्या. देवघराशिवाय त्या कुणाला दिसत नाहीत. जागल्याने कुणाला कधी काय नाकारलं, ते सगळं तिथे ओळीने होतं, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत माझंच नाव. माणगावचा तो दिवस होता. आई आजारी असताना मी घरून पोच द्यायचा प्रयत्न केला, तो होता. कितीतरी वेळा नुसतं दाबून बघितलं होतं, न जाणो तुमचं मन बदललं असेल म्हणून, तेही होतं. हे कुणालाच माहीत नाही असं मी समजत होते. प्रत्येक नकारापुढे तुमची पोच होती. पाहिलं. पाहिलं. पाहिलं. तुम्ही एकही चुकवली नव्हतीत. सकाळी सातला चहा पिताना तुम्ही हे वाचायचात आणि नऊला ओटीवर येऊन मला विचारायचात, "काय, सगळं ठीक?"

सर्वांत पहिल्या नकारापुढे शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते. "सवय होईल."

रडले नाही. तुमच्या त्या नीटनेटक्या कामाचं कौतुकही वाटलं, हे सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मग मी नियम बदलले. देवघराला दोन माणसं, मी आणि संतोष. हजेरीचा नियम काढला. तुमचं नाव पुसायला बोट गेलं होतं, पण पुसलं नाही. तुम्हाला अंगणात ठेवलं. यंत्राने विचारलं, खात्री आहे? मी हो म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की नंतर त्याची भीती वाटली.

हजेरीचा नियम काढला की काकूंजवळचा तुमचा फोन गप्प होणार, हे मला आधीपासून माहीत होतं. आत जा म्हणताना त्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कोठीच्या खोलीतच बसायला लागले. ऊन लागत नाही, यंत्र जवळ. साडेसातच्या सुमाराला काकू फोन घेऊन माजघरात आल्या. "आज वाजला नाही गं."

"तो निरोप बंद झाला, काकू."

"परत सुरू करता येईल का? एक सकाळचा तेवढा."

एका ओळीचं काम आहे, भाऊ. तुम्हाला माहीत आहे, मिनिटही लागत नाही. मी म्हटलं, "बघावं लागेल. आता नियम बदललेत."

"बरं," काकू म्हणाल्या. "सवडीने बघ."

आज चौथा दिवस. ती ओळ मी लिहिलेली नाही. रोज सकाळी येताना ठरवते की आज लिहीन. ज्या बाईने चारचौघांत माझी चोरी बघून तोंडातून शब्द काढला नाही, तिच्याशी मी अशी वागते आहे, हे मला दिसतं. लाजही वाटते. तरी हात तिकडे वळत नाही. तुमचाही असाच वळत नसेल का, असं मनात येतं, आणि त्यासाठी तुम्हाला माफ करावंसं वाटतं, आणि मग तेही करवत नाही.

आज सकाळी सातला काकू फोन घेऊन ओटीवरच्या माझ्या जुन्या खुर्चीत बसल्या होत्या. थोड्या वेळाने उठून आत आल्या आणि या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. घर त्यांचं. खोली त्यांची. तरी म्हणाल्या, "येऊ का गं?"

मी पडद्यावरून मान वर न करता म्हटलं, "जरा थांबा."

त्या थांबल्या.